सर्व्हरची डिस्क कर्नल डीबगच्या फायलींनी भरली: काय ठेवायचं, काय काढायचं?

काटापट्टी (ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. तालुक्यातल्या एका जिनिंगच्या ऑफिसातला लिनक्स सर्व्हर माझ्याकडे सांभाळायला आहे. भरत्या-रिकाम्या गाडीचं वजन, काट्याची पावती, शेतकऱ्याचा हिशेब, गाठींचा साठा, सगळं त्याच्यावरच चालते. अल्मालिनक्स ९, १६ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी. कापसाची आवक जोरात आहे आणि अशात डेटाबेसनं लिहिणंच बंद केलं. रूट पार्टिशन शंभर टक्के भरलेलं. पावती निघाली नाही तर गाडी काट्यावरून उतरत नाही आणि मागची रांग रस्त्यावर येते. लॉग कमी करून तात्पुरती जागा केली, पण तेवढ्यानं भागत नाही.

डीयू कमांडनं एकेक फोल्डर पाहत खाली गेलो. दोन ठिकाणी जागा गेलेली दिसली. /वार/क्रॅश मध्ये तारीख-वेळेच्या नावाचे फोल्डर आहेत, बहुतेकांत व्हीएमकोर नावाची भलीमोठी फाइल, काहींत व्हीएमकोर-इन्कम्प्लीट. दुसरं ठिकाण /यूएसआर/लिब/डीबग. तिथं तीन वेगवेगळ्या कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्त्यांचं) सामान आहे, प्रत्येकाचे काही जीबी.

सर्व्हर बसवून देणाऱ्यांनी केडम्प (कर्नल पडला की त्याची मेमरी डिस्कवर उतरवणारी सोय) चालू केलं, कर्नल-डीबगइन्फो (ती फाइल वाचायला लागणारं पॅकेज) टाकलं आणि ते गेले. आता त्यांचा फोन लागत नाही. मशीन मधूनमधून आपोआप रीस्टार्ट होते हे खरं आहे. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. हे सगळं काढलं तर सर्व्हर चालू राहील का? आणि यातलं काही ठेवण्यासारखं आहे का? इकडं फायबर आज आहे तर उद्या नाही, बाकी वेळ मोबाइलचा हॉटस्पॉट. एकदा काढलेलं पुन्हा उतरवून घ्यायचं म्हटलं तर जड जाते.

सातपुडा (अकोट)

भाऊ, सीझन चालू आहे, एवढा विचार काहून करून राहिले? /वार/क्रॅश पूर्ण रिकामं करा, डीबगइन्फो काढा, केडम्पची सर्व्हिस बंद करा. काट्याच्या सर्व्हरले हे सामान कोण वाचणार आहे? बूटच्या सेटिंगमधून क्रॅशकर्नल काढलं तर केडम्पसाठी अडकलेली रॅमही मोकळी होईल. या सगळ्यानं सर्व्हरच्या चालण्यात काही फरक पडत नाही.

वर्धाकाठ (मूळ बल्लारपूर, सध्या पुणे)

काटापट्टी दादा, घाईत काही काढू नका. सातपुडा भाऊंचं अर्धं बरोबर आहे. या दोन्ही फोल्डरांतलं काहीही सर्व्हर चालायला लागत नाही. पण तुमचं मशीन आपोआप रीस्टार्ट होते, आणि ते का होते याची एकमेव नोंद त्या /वार/क्रॅश मध्ये आहे. ती वाचण्याआधी फेकली तर पुढच्या सीझनलाही हेच होईल.

आधी यंत्रणा सांगते, मग काय काढायचं ते आपोआप लक्षात येईल. केडम्प बूट होताना रॅमचा एक तुकडा बाजूला राखून ठेवतो. आरएचईएल ९ (रेड हॅटचं लिनक्स) आणि अल्मालिनक्ससारख्या तिच्या भावंडांत हे माप ठरलेलं असते, ४ जीबी ते ६४ जीबी रॅमच्या मशीनला २५६ एमबी. त्या तुकड्यात दुसरा छोटा कर्नल तयार बसलेला असतो. मुख्य कर्नल पॅनिक झाला, म्हणजे गंभीर चुकीनं थांबला, की केएक्झेक हा दुसरा कर्नल चालू करते, तो पडलेल्या कर्नलची मेमरी वाचतो, मेकडम्पफाइल ती गाळून, दाबून /वार/क्रॅश मध्ये लिहिते आणि मशीन रीस्टार्ट होते. लिहिताना नाव व्हीएमकोर-इन्कम्प्लीट असते, पूर्ण झाल्यावरच व्हीएमकोर होते. म्हणजे मध्येच लाइट गेली किंवा डिस्क भरली की ती अर्धवट फाइल तशीच पडून राहते. तुमच्या सगळ्या इन्कम्प्लीट फायली त्यातल्याच असणार. त्या आत्ता काढा, पहिली मोकळी जागा तिथून मिळेल.

दुसरं सामान, म्हणजे /यूएसआर/लिब/डीबग, ही त्या व्हीएमकोरची किल्ली. व्हीएमकोर हे मेमरीतले नुसते आकडे. कुठल्या पत्त्यावर कुठलं फंक्शन, कुठल्या रचनेत कुठलं फील्ड, हे डीबगइन्फोमधल्या व्हीएमलिनक्स फाइलमध्ये ड्वार्फ नावाच्या डीबग स्वरूपात असते, म्हणून ती एकटीच शेकडो एमबीची होते. क्रॅश नावाची युटिलिटी या दोघांना एकत्र उघडते आणि दोघं तंतोतंत एकाच बिल्डचे लागतात. आवृत्तीत शेवटच्या आकड्याचा फरक असला तरी जमत नाही.

त्यामुळं यांचा निर्णय जोडीनं घ्या. ज्या कर्नलचा एकही व्हीएमकोर उरला नाही, त्याचं डीबगइन्फो बिनकामाचं. तुमच्या तीनपैकी दोन बहुधा असेच निघतील.

तिसरी एक बारकी फाइल प्रत्येक फोल्डरात असेल, व्हीएमकोर-डीमेसेज.टीएक्सटी. ती काही केबींची साधी मजकूर फाइल आहे. पॅनिकच्या आधी कर्नलनं काय काय छापलं ते सगळं तीत असते, कुठल्या आवृत्तीचा कर्नल होता तेही. ती एकही काढू नका. त्या सगळ्या बाजूला कॉपी करा, मोबाइलच्या नेटवरही सहज जातील. आधी त्या वाचा आणि इथं सांगा.

आणि एक बघा, /ईटीसी/केडम्प.कॉन्फ मध्ये कोर-कलेक्टरच्या ओळीत उणे डी पुढं कोणता आकडा आहे?

काटापट्टी

ताई, इन्कम्प्लीट काढल्या, श्वास घ्यायला जागा झाली. उणे डी पुढं १ आहे.

डीमेसेजच्या फायली वाचल्या. दोन प्रकार दिसतात. बऱ्याच फायलींत शेवटी "हार्डवेअर एरर" आणि "मशीन चेक" असं आहे. बाकीच्यांत तसं काही नाही, तिथं आरआयपीच्या (पडताना कुठला कोड चालू होता त्या पत्त्याच्या) ओळीत एका मॉड्यूलचं नाव चौकटी कंसात आहे. ते आमच्या मल्टिपोर्ट सीरियल कार्डचं आहे, दोन्ही काट्यांचे इंडिकेटर त्यावरच जोडलेले आहेत. ड्रायव्हर कार्डासोबत आला होता, डीकेएमएसनं (बाहेरचे ड्रायव्हर कर्नलसाठी बांधून देणारं साधन) बसवलेला. त्या ओळींच्या वर "टेंटेड" असंही लिहिलेलं आहे.

वर्धाकाठ

दादा, अर्धं काम तुम्हीच केलं.

आधी तो १. मेकडम्पफाइलला मेमरीतली कुठली पानं वगळायची ते या आकड्यानं सांगतात. १ म्हणजे फक्त शून्यांनी भरलेली पानं वगळ. २ आणि ४ कॅशची, ८ प्रोग्रामांची स्वतःची, १६ मोकळी पडलेली पानं. सगळ्यांची बेरीज ३१. कर्नलचा दोष शोधायला यातलं काहीच सहसा लागत नाही, म्हणून मूळ सेटिंग ३१ चं असते. तुमच्याकडं कुणीतरी ते बदलून १ केलं आहे. डेटाबेसच्या सर्व्हरवर रॅम बहुतेक कॅशनंच भरलेली असते, ती सगळी प्रत्येक वेळी डिस्कवर उतरत होती. ते ३१ करा. दाबण्यासाठी उणे एल असू द्या.

आता मशीन चेकवाले. तिथं प्रोसेसरनंच हार्डवेअरची चूक कळवली आहे. व्हीएमकोर उघडून कर्नलचं कोड वाचण्यात अर्थ नाही, दोष कोडमध्ये नाहीच. डीमेसेजचा मजकूर ठेवा आणि त्या फोल्डरांतले व्हीएमकोर निर्धास्त काढा. सीझनमधून वेळ मिळाला की रॅमच्या पट्ट्या काढून साफ करून बसवा आणि मेमटेस्ट रात्रभर चालवा. जिनिंगमध्ये हवेत तूस फार असते. पंखा आणि हीटसिंक पाहा.

सीरियल कार्डवाल्यांतला सगळ्यात ताजा पूर्ण व्हीएमकोर एकच ठेवा. बाकी त्याच मॉड्यूलमध्ये, त्याच फंक्शनवर पडले असतील तर त्यांच्यापासून नवीन काही कळणार नाही. फंक्शनचं नाव आणि त्यापुढचं अधिक शून्य एक्स वगैरे ऑफसेट जुळवून पाहा.

सातपुडा

ताई, समजलं. पण मंग ते एका व्हीएमकोरसाठी कित्येक जीबीचं डीबगइन्फो सर्व्हरवर ठेवायचंच ना?

वर्धाकाठ

नाही भाऊ, सर्व्हरवर अजिबात नको. क्रॅश युटिलिटी कुठल्याही लॅपटॉपवर चालते, तिथं तोच कर्नल चालू असण्याची गरज नाही, प्रोसेसर त्याच जातीचा असला की झालं. तिला फक्त व्हीएमलिनक्सचा आणि व्हीएमकोरचा पत्ता द्यायचा.

आणि पूर्ण पॅकेजही लागत नाही. कर्नल-डीबगइन्फोमध्ये एक व्हीएमलिनक्स असते आणि हजारो मॉड्यूलांच्या डॉट-केओ-डॉट-डीबग फायली. कुठल्याशा ग्राफिक कार्डाच्या, कुठल्याशा वायफायच्या. दादांच्या कामाची त्यातली एकही नाही. पॅकेज इन्स्टॉल न करता आरपीएम-टू-सीपीआयओनं उघडलं आणि त्यातून फक्त व्हीएमलिनक्स काढली तर काम भागते. दादांच्या डिस्कवर ते आधीच पडलेलं आहे, म्हणजे उतरवून घ्यायचीही गरज नाही. त्या व्हीएमकोरच्या आवृत्तीची व्हीएमलिनक्स फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा आणि मग तिन्ही पॅकेजं काढा. ही कॉपी मात्र नक्की करा. जुन्या आवृत्तीचं डीबगइन्फो नेहमीच्या रेपोत पुढं सापडेलच असं नसते.

काढताना फोल्डर हातानं उडवू नका. डीएनएफ रिमूव्हनं आवृत्तीसकट नाव देऊन काढा, कर्नल-डीबगइन्फो आणि कर्नल-डीबगइन्फो-कॉमन दोन्ही. कॉमनमध्ये /यूएसआर/एसआरसी/डीबग खाली कर्नलचं सोर्सही असते, तिथलीही जागा सुटेल. हातानं उडवलं तर आरपीएमच्या नोंदीत ते बसलेलंच दिसते, आणि पुढचा माणूस गोंधळतो.

एक अडचण आधीच सांगते. तुमचं सीरियल कार्डाचं मॉड्यूल कर्नलच्या मूळ सोर्सबाहेरचं आहे ("टेंटेड" ही त्याचीच खूण), त्याची चिन्हं, म्हणजे फंक्शनांची नावं आणि पत्ते, कर्नल-डीबगइन्फोमध्ये कधीच नसतात. आणि डीकेएमएस बांधताना मॉड्यूलमधली डीबगची माहिती सहसा छाटून टाकते. म्हणजे तुमच्या डिस्कवर एवढे जीबी अडकवूनही नेमकी पाहिजे ती माहिती तिथं नव्हती. डीकेएमएस.कॉन्फ मध्ये स्ट्रिप नको असं सांगून ते एक मॉड्यूल पुन्हा बांधलं की पुढच्या वेळेला ओळ नंबरपर्यंत पोचता येईल. त्याला फार जागा लागत नाही.

संत्राबाग (वरुड)

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीत गावी आलो की घरच्या लॅपटॉपवर कर्नल कंपाइल करून पाहतो. फेडोरा आहे. माझं /बूट सारखं भरत होतं, म्हणून हा धागा पूर्ण वाचला. बांधलेल्या कर्नलची इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची) फाइल फेडोराच्या मूळ फाइलीच्या कितीतरी पट मोठी होती. कारण मॉड्यूलं डीबगच्या माहितीसकट बसत होती आणि ती तशीच इनिटरॅमएफएसमध्ये जात होती. मेक मॉड्यूल्स-इन्स्टॉलला इन्स्टॉल-मॉड-स्ट्रिप बरोबर १ एवढं जोडलं, की फाइल जागेवर आली. डीबगची माहिती बिल्डच्या फोल्डरातल्या व्हीएमलिनक्समध्ये आणि मॉड्यूलांच्या फायलींत शाबूत राहते, पाहिजे तेव्हा तिथून वापरता येते.

ताई, एक विचारतो. कॉन्फिगमध्ये डीबग इन्फो पूर्ण बंदच केलं तर?

वर्धाकाठ

शिकायला कर्नल बांधत असशील तर बंद करू नको रे, नाहीतर पॅनिक झाल्यावर हातात नुसते पत्ते राहतील. बिल्डच्या फोल्डरात जागा कमी पडत असेल तर डीबग-इन्फो-रिड्यूस्ड चालू कर. त्यात रचनांची बरीचशी माहिती गळते, पण कुठली ओळ ते कळते. क्रॅश युटिलिटी मात्र त्यावर नीट चालत नाही, तिला रचना लागतात. दाबून ठेवायचा पर्यायही आहे, डीबग-इन्फो-कॉम्प्रेस्ड.

बीपीएफचे (चालू कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवायचे) प्रयोग करत असशील तर एक गोष्ट बघ. त्यासाठी लागणारी बीटीएफ माहिती (कर्नलच्या रचनांचं छोटं वर्णन) ही ड्वार्फमधूनच पाहोल नावाचं साधन काढते, पण ती काही एमबींतच मावते. कर्नल ५.२ पासून ती सोबत देता येते. म्हणजे प्रत्येक कामाला ते मोठं सामान लागतेच असं नाही.

फेडोरावर जीडीबी (प्रोग्रामातले दोष शोधायचं साधन) वापरत असशील तर घरच्या कॅशमध्ये डीबगइन्फोडी-क्लायंट नावाचं फोल्डरही पाहून घे. साधी प्रोग्रामांची चिन्हं तिथं उतरून बसतात. आठवडाभर न वापरलेली ते स्वतः काढते, पण ते साधन पुन्हा चालवलं तरच.

झाडीपट्टी (ता. एटापल्ली, जि. गडचिरोली)

आमच्या सेवा केंद्रात विंडोजच आहे. निळी स्क्रीन येते, मशीन पुन्हा सुरू होते, आणि सी ड्राइव्ह भरत जाते. आमच्यासाठी पण सांगा. इथं लाइन टिकत नाही, दाखल्यांसाठी लोक आतल्या गावांतून चालत येतात, मशीन बंद ठेवून चालत नाही.

वर्धाकाठ

विंडोजमध्ये तीन जागा पाहा. विंडोज फोल्डरातली मेमरी.डीएमपी ही एकच फाइल असते, प्रत्येक पॅनिकला जुनी पुसून नवी लिहिली जाते. म्हणून ती वाढत जात नाही, पण मोठी असू शकते. दुसरी जागा मिनीडम्प फोल्डर, तिथल्या फायली केबींच्या असतात, जागेची चिंता नाही. तिसरी लाइव्हकर्नलरिपोर्ट्स, इथं मशीन न पडताही डम्प जमतात आणि कधीकधी काही जीबीपर्यंत जातात. डिस्क क्लीनअपमध्ये सिस्टिमच्या फायली निवडून "सिस्टिम एरर मेमरी डम्प फाइल्स" वर खूण करा.

कायमचं पाहिजे असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी. तिथं ऑटोमॅटिक मेमरी डम्प असेल, त्याऐवजी स्मॉल मेमरी डम्प निवडा. ६४ बिट मशीनवर तो २५६ केबींचा असतो. कुठला ड्रायव्हर दोषी आहे हे बहुतेक वेळा त्यावरूनच कळते आणि व्हॉट्सॲपनंही पाठवता येते. कुणी विंडीबीजी (विंडोजचे डम्प वाचायचं साधन) टाकून गेलं असेल तर प्रोग्रामडेटामध्ये डीबीजी फोल्डर पाहा. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून उतरलेली चिन्हं तिथं साचतात आणि ती बिनधास्त काढता येतात.

शाळाबाहेरची (ता. मोर्शी)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, लॅबचे उबंटूचे कॉम्प्युटर मीच पाहते. जागेची गोष्ट सगळ्यांनी सांगितली, एका गोष्टीकडं मात्र लक्ष वेधायचं आहे. काटापट्टी भाऊ, व्हीएमकोर बाहेरच्या हार्डडिस्कवर नेताना त्यात काय आहे याचा विचार करा. तुमच्या सर्व्हरवर शेतकऱ्यांचे बँक खाते नंबर आहेत, आधार असेल, किती कापूस दिला आणि किती पैसे झाले ते आहे. उणे डी १ नं घेतलेला डम्प म्हणजे ती सगळी माहिती मेमरीत जशी होती तशी त्या फाइलीत उतरलेली. असा डम्प पेन ड्राइव्हवर घेऊन कुणाच्या हातात देणं मला बरोबर वाटत नाही. मदत मागायला एखाद्या ग्रुपवर टाकणं तर नाहीच.

उबंटूवाल्यांसाठी सांगते. /ईटीसी/डीफॉल्ट/केडम्प-टूल्स मध्ये केडम्प-नम-डम्प्स नावाचं सेटिंग आहे. तिथं २ लिहिलं की ताजे तेवढेच डम्प राहतात, जुने आपोआप जातात. काहीच लिहिलं नसेल किंवा शून्य असेल तर एकही जात नाही. हातानं टाकलेलं डीबीजीसिम पॅकेज (उबंटूचं डीबगइन्फो) ऑटोरिमूव्हनं जात नाही, जुना कर्नल गेला तरी ते मागं राहते. ते शोधून काढावं लागते.

वर्धाकाठ

मॅडम, हे सांगितलं फार बरं केलं, मीच आधी सांगायला हवं होतं. दादा, तो एक ठेवलेला व्हीएमकोर मेकडम्पफाइलनं उणे डी ३१ देऊन पुन्हा गाळून घ्या, कॅशची आणि प्रोग्रामांची पानं निघून जातील. त्यानंतरही कर्नलच्या स्वतःच्या बफरांत काही तुकडे राहू शकतात. म्हणून तो सर्व्हरच्याच माणसानं, म्हणजे तुम्हीच, तुमच्या लॅपटॉपवर उघडा. मला फक्त क्रॅशमधल्या बीटी कमांडचा (पडताना कुठल्या फंक्शनातून कुठं गेलं ते दाखवणारी) मजकूर पाठवा. काम झालं की तो डम्प पुसा.

काटापट्टी

मॅडमचं म्हणणं मालकांनाही सांगितलं, तेही लगेच पटले.

आता काय केलं ते लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. मशीन चेकवाले व्हीएमकोर काढले. डीमेसेजच्या सगळ्या फायली वेगळ्या फोल्डरात तारखेनं लावून ठेवल्या. एक व्हीएमकोर गाळून आणि त्याची व्हीएमलिनक्स माझ्या लॅपटॉपवर नेली, डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे. तिन्ही डीबगइन्फो डीएनएफनं काढले. रूट पार्टिशन आता निम्म्याच्या खाली आहे.

क्रॅशमध्ये बीटी पाहिला. कार्डाच्या ड्रायव्हरच्या इंटरप्ट हँडलरमध्येच पडते, ओळ नंबर नाही, फक्त ऑफसेट. एलएसपीसीआय उणे के नं पाहिलं तर कार्डाची चिप कर्नलच्या स्वतःच्या ८२५० ड्रायव्हरलाही ओळखीची दिसते, पण डीकेएमएसवालं मॉड्यूल आधी पकडून घेते. आवक जरा कमी होईल त्या रविवारी ते काढून दोन्ही काटे ८२५० वर चालवून पाहणार आहे.

आता एकच राहिलं. आरएचईएलच्या केडम्पमध्ये उबंटूसारखी जुने डम्प काढायची सोय दिसत नाही. टीएमपीफाइल्स.डी मध्ये (जुन्या फायली मुदतीनं आपोआप काढायची सोय) महिन्याची मुदत टाकू का?

सातपुडा

मुदत टाका भाऊ. मी माझ्याकडच्या दोन सर्व्हरवर केडम्प बंद ठेवलं होतं, ताईंचं वाचून पुन्हा चालू केलं, ३१ वर.

वर्धाकाठ

मुदतीपेक्षा संख्या बरी. मुदतीनं न वाचलेला डम्पही जातो, आणि एखाद्या आठवड्यात मशीन वारंवार पडलं तर मुदत संपायच्या आधीच डिस्क भरते. बूट झाल्यावर एक छोटी स्क्रिप्ट चालवा. ताजे दोन फोल्डर सोडून बाकीच्यांतला फक्त व्हीएमकोर काढायचा, डीमेसेजला हात लावायचा नाही. व्हीएमकोर-इन्कम्प्लीट सगळे काढायचे.

याहून पक्कं पाहिजे तर /वार/क्रॅश साठी वेगळं छोटं पार्टिशन करा आणि केडम्प.कॉन्फ मध्ये त्याचा यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) द्या. मग ते भरलं तरी डेटाबेसच्या जागेला धक्का लागत नाही, फार तर एक डम्प अर्धवट राहील. हे सीझन संपल्यावर करा, पार्टिशनशी खेळायची ही वेळ नाही.

आणि केडम्प.कॉन्फ बदललं की केडम्पची सर्व्हिस रीस्टार्ट करा. तेव्हा दुसऱ्या कर्नलची इनिटरॅमएफएस नव्यानं बांधली जाते, तिला /बूट मध्ये जागा लागते. ३१ केल्यावर रीस्टार्ट केली होती ना? नसेल तर अजून १ च लागू आहे.

काटापट्टी

केली ताई. केडम्पसीटीएल स्टेटस पाहिलं, ऑपरेशनल दाखवते. स्क्रिप्ट लिहून झाली की इथंच टाकतो. रविवारी काटे ८२५० वर चालले की नाही तेही कळवतो.